गाडी घ्यावी, पण पारखून

आपल्या समाजाच्या दारात गाडी तशी उशिराच आली. आजोबांची पिढी पायी चालली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा भाकरी बांधून, मिळेल त्या वाटेने आणि मिळेल त्या साधनाने माणसे पोहोचली. आईवडिलांची पिढी ट्रकच्या हौद्यात उभी राहून दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला गेली. आज लेकरे शिकली, नोकरीला लागली आणि वस्तीत चारचाकी दिसू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गाडी घेताना आपण काय पाहतो? रंग पाहतो, आवाज ऐकतो, शेजारी काय म्हणेल याचा विचार करतो. गाडीच्या खाली वाकून मात्र फारसे कोणी पाहत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी भाची शिक्षिका आहे. आमच्या नाशिकच्या वस्तीतील विहारात ती दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग घेते. मुलांना पुस्तकातले अजिंठा-वेरूळ ठाऊक असते. परंतु डोंगराडोंगरांत विखुरलेली लेणी त्यांनी पाहिलेली नसतात. दर महिन्याला पाच-सहा जणांना घेऊन निघावे, लेणी पाहावीत, वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर मुक्काम करून तेथील मुलांचाही वर्ग घ्यावा, असे तिच्या मनात आले. त्यासाठी आडवाटेला चालणारी, चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी घ्यायची ठरले. पैसा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. ताईने नगरपालिकेच्या सफाई खात्यात हयात घालवली. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला हा हिस्सा. एसटीच्या कार्यशाळेत माझी ३१ वर्षे गेली म्हणून पारखण्याचे काम माझ्याकडे आले. ताई एवढेच म्हणाली, "दादा, या पैशात माझ्या कमरेचं दुखणं आहे. बघून घे."

मी भाचीला पहिला प्रश्न विचारला, तो असा: चार चाकांचा जोर खरोखर हवा आहे का? कार्ले, लेण्याद्री, नाशिकची त्रिरश्मी लेणी यांच्या पायथ्यापर्यंत साधी गाडीही जाते. ठाणाळे, खडसांबळे, कोंडाणे येथे शेवटची वाट पायीच तुडवावी लागते. तेथे कोणतीही गाडी उपयोगाची नाही. पितळखोरे तर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. तेथे रस्ता सोडून चाक फिरवायचे नसते. मग ही गाडी कशासाठी? भाचीचे उत्तर तयार होते. "मामा, लेणीसाठी नाही, वस्तीसाठी. पाणंद रस्त्यावर साधी गाडी रुतते. मराठवाड्याच्या काळ्या मातीत एक सर पडली तरी चाक गरगर फिरतं. मग त्या वस्तीवर आपण जातच नाही." हे उत्तर मला पटले. गरज आधी सांगता आली पाहिजे, गाडी मागाहून.

भाड्याची गाडी का नको, हाही प्रश्न निघाला. त्याचे उत्तर कटू आहे. मागच्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी एका जीपवाल्याशी भाडे ठरले होते. निघायच्या सकाळी विहाराचे नाव कळले, मुलांच्या तोंडचा जयभीम त्याने ऐकला आणि गाडी बिघडल्याचे सांगितले. तासाभराने तीच गाडी दुसऱ्या माणसांनी भरून आमच्यासमोरून गेली. मुलांनी ते पाहिले. भाचीने त्या दिवशी मुलांना बाबासाहेबांच्या चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे. १९२९ साली बाबासाहेब सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत होते. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या आपल्या बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्थानकापासून महारवाडा चालत थोड्या मिनिटांवर होता. परंतु पाहुण्याला पायी नेणे लोकांना प्रशस्त वाटेना. टांगेवाले तर महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली, ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यापैकीच एकजण लगाम धरून बसला. त्याने त्यापूर्वी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्याच आठवणींत बालपणीचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, बैल मुलांना हाकायला लावले आणि स्वतः पायी चालला. त्यांतच १९३४ सालची सहलही आहे. सुमारे ३० स्त्री-पुरुष सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते आणि दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून त्यांना अपमान सोसावा लागला.

चाळीसगावच्या प्रसंगातून आपण एकच धडा घेतो, की टांगेवाल्यांनी विटाळ मानला. तो खराच आहे. परंतु दुसराही धडा त्यात आहे. त्या दिवशी टांगा आपल्या ताब्यात होता, लगामही आपल्या हाती होता, अंतःकरणात प्रेमही अपार होते. शिकलेला हात मात्र नव्हता. शिकण्याची संधीच कोणी दिली नव्हती, हा त्या माणसाचा दोष नव्हे. आज ती संधी आपल्याला आहे. म्हणून वाहनाची मालकी ही अर्धी गोष्ट. वाहनाचे ज्ञान ही उरलेली अर्धी. स्वाभिमानाची गाडी ज्ञानाशिवाय चालत नाही.

तथागतांनी आपला धम्म 'एहिपस्सिको' आहे असे सांगितले. या आणि पाहा. कालाम लोकांना त्यांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका असा उपदेश केला. जुन्या गाडीच्या बाजारात याहून चांगला सल्ला मला ठाऊक नाही. दलाल सांगेल, "एक हाती गाडी आहे, डॉक्टरसाहेबांची होती." ऐकावे आणि गाडीखाली शिरावे.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिली होती मारुती जिप्सी. ही गाडी १९८५ पासून आपल्याकडे आली, सैन्यातही नावाजली. वजनाला हलकी, चिखलातून सशासारखी निघते. परंतु पेट्रोलवर चालते आणि पेट्रोल भरपूर पिते. पाटे कडक, खड्ड्यातून ताईसारख्या बाईची कंबर शाबूत राहायची नाही. शिवाय त्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. तो खर्च किमतीतच धरायला हवा. एकट्यादुकट्या हौशी तरुणाला ती गाडी शोभली असती. आम्हाला नको होती.

दुसरी महिंद्रा थार. २०१० साली बाजारात आलेली जुन्या घडणीची डिझेल थार. २०२० साली नवी आली त्याच्या आधीची. भाची पाहताक्षणी भुलली. उंच केलेली, रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची रांग. मी म्हटले, "बाळ, हे दागिने कुणी घातले आणि कशासाठी, ते आधी पाहू." खाली शिरलो. चासीला एके ठिकाणी वेल्डिंगची शिवण होती आणि तिच्यावर ताजा काळा रंग. गाडीची चासी म्हणजे माणसाचा कणा. तिथे ठिगळ असेल तर सौदा तिथेच थांबवावा. मागच्या डिफरन्शिअलची झाकणबोल्ट उघडायला लावली. तेल दुधी निघाले. याचा अर्थ गाडी खोल पाण्यात गेली होती आणि आत पाणी शिरले होते. नंतर कोणी तेल बदललेले नव्हते. शिवाय या गाडीत मागचे बाक आडवे, एकमेकांकडे तोंड करून बसण्याचे. घाटात अचानक ब्रेक लागला तर त्या बाकांवरच्या लेकरांचे काय? सहा मुलांना घेऊन जायची गाडी दिसायला रुबाबदार नसली तरी चालेल. बसायला धड हवी.

या दागिन्यांबद्दल आणखी एक सांगतो. कंपनीच्या मूळ बनावटीशी आणि नोंदणीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तसे सांगते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. अशी गाडी घेतली तर दंड आपल्या माथी. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते, ते वेगळेच.

तिसरी गाडी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची होती. चारचाकी जोराची डिझेल स्कॉर्पिओ. रंग उडालेला, एका दारावर पोचा, आतली गादी फाटलेली. भाचीचे तोंड उतरले. मी मात्र सकाळी सात वाजताची वेळ मागून घेतली आणि गाडी आधी सुरू करू नका असे बजावून सांगितले. थंड इंजिन खोटे बोलत नाही. तापलेले इंजिन कोणाचेही सुरू होते.

तिथे जे जे पाहिले ते क्रमाने सांगतो. कात्रण काढून ठेवावे. बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिले. गाडी सुरू केली. डिझेल गाडीने सुरुवातीला थोडा धूर सोडला तर घाबरू नये. निळा धूर टिकून राहिला तर इंजिन तेल खाते. तेल भरायचे झाकण काढून तिथे हात धरला. भसाभस वाफ येऊन हाताला फटके बसले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काम मागणार. मग खाली पोते अंथरून आडवा झालो. चासी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपली. कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेने आतून गंजलेली असू शकते, म्हणून हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून क्रॉस ढिले नाहीत ना ते पाहिले. पुढच्या चाकांच्या आतले रबरी बूट फाटलेले नव्हते. ते फाटले की वंगण बाहेर, माती आत आणि मोठा खर्च. डिफरन्शिअलचे तेल दोन बोटांत चोळले. लोखंडाची चकाकी नव्हती.

टायर हा मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. एक नवा आणि तीन गोटे असतील तर चारही चाकांचा जोर लावल्यावर चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि आतल्या गिअरवर ताण येतो. त्याच कारणाने या जातीच्या गाड्यांत चार चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचा नसतो. वळताना गाडी अडते, कुरकुरते. तो जोर चिखलासाठी, वाळूसाठी, सुट्या मुरमासाठी.

म्हणून परीक्षाही मातीतच घेतली. बागेमागच्या मऊ शेतवाटेवर गाडी नेली. स्कॉर्पिओत त्यासाठी गोल बटण असते. जुन्या जीपना दांडा असतो. बटण फिरवले, दिवा लागला, स्थिर राहिला. दिवा नुसता लुकलुकत राहिला तर आत जोडणी झालेली नाही असे समजावे. ती मोटर खराब होणे हे या गाड्यांचे नेहमीचे दुखणे. मग गाडी थांबवून, क्लच दाबून, लो लावला. लोमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण जोर कितीतरी वाढतो. तिला चढावर चढवले आणि ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या धरावर उतरवले. शेवटी भाचीला खाली उतरून पाहायला सांगितले, की पुढची चाकेही माती मागे फेकतात की नाही. फेकत होती. तिचे तोंड खुलले. फाटकी गादी कोणीही शिवून देतो, मोडका कणा कोणी शिवत नाही.

भावाची घासाघीस ताईनेच केली, त्यात ती आमच्यापेक्षा हुशार. आधीच ठरवले होते की हाती असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा. टायर, बॅटरी, सगळी तेले, ब्रेक आणि क्लच यांसाठी तो लागतोच. सगळा पैसा गाडीत घालून जो घरी येतो, त्याची गाडी पहिल्याच महिन्यात दारात उभी राहते.

कागदांच्या बाबतीत भीड धरू नये. आरसी बुकावरचा चासी क्रमांक प्रत्यक्ष चासीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवावा. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. बाकी दंडाच्या पावत्या, विमा, पीयूसी हे सारे इसार देण्यापूर्वी पाहावे. कोऱ्या नमुन्यावर सही घेऊन "नंतर नावावर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे. आणखी एक, विहाराच्या कामाची असली तरी खासगी नोंदणीच्या गाडीत माणशी भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्याला वेगळा परवाना लागतो. डिझेलचा खर्च ताई आणि भाची करतात. दान द्यायचे त्याने मुलांच्या वह्या-पुस्तकांना द्यावे, असे आम्ही ठरवून टाकले.

गाडी दारात आली, बुद्धवंदना झाली. नारळ-लिंबू काही नाही. त्यानंतर दोन महिने मी भाचीला लेणीकडे जाऊ दिले नाही. रोज पहाटे शिकवले. चाक फसले तर जोरात रेस करू नये, चाक आणखी खड्डा खणते. टायरमधली हवा थोडी कमी केली तर वाळूत आणि चिखलात पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरायची, म्हणून हवा भरायचा पंप जवळ हवा. टोचनसाठी दोर, फावडे, दोन मजबूत फळ्या, पिण्याचे पाणी, औषधपेटी. ओढा आला की आधी उतरून काठीने तळ पाहायचा. वाहते पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर परत फिरायचे. चारही चाकांना जोर असला म्हणून ब्रेक जास्त लागत नाहीत आणि पुरात गाडी तरंगते, हे तिच्याकडून पाठ करून घेतले. चाक बदलायला तिने स्वतः शिकावे यावर ताईचा हट्ट होता. आता तिच्या वर्गातल्या दोन मुलीही जॅक लावतात.

पावसाळ्याचा नियम तर आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. भगवंतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला. पावसात फिरताना कोवळी पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, ही लोकांची तक्रार त्यामागे होती. भिक्खूंच्या पावलांना जो नियम, तो आपल्या चार रुंद चाकांना नको का? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमची गाडी डांबर सोडत नाही. एरवीही बांधावरून, उभ्या पिकातून चाक घालायचे नाही. शेतमालकाला विचारून जायचे. लेणी असलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून पुढे पायी जायचे. दगडात कोरलेले चैत्य दोन हजार वर्षे टिकले, ते आपल्या हौसेने झिजू नयेत.

पहिली फेरी जुन्नरची झाली. तिथल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे, तर कोकणात कुडे लेण्यात एका माळ्याचे दान कोरलेले आहे. भाचीने मुलांना सांगितले, की हे डोंगर केवळ राजांनी नाही, हाताने काम करणाऱ्या माणसांनीही दान देऊन कोरून घेतले. ताई पुढच्या सीटवर बसली होती. हयातभर झाडू धरलेले तिचे हात मांडीवर होते. ती मुलांना म्हणाली, "मग ही गाडीबी तसलंच दान समजा."

धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, गाडी जरूर घ्या. जुनी घेण्यात कमीपणा नाही. न पाहता घेण्यात आहे. कष्टाचा पैसा आहे, तो चकाकीला देऊ नका, कण्याला द्या. वस्तीत जो कोणी मिस्त्री असेल, एसटीत, रेल्वेत, कारखान्यात हात काळे केलेला असेल, त्याला सोबत न्या. तेही आपले विद्वानच आहेत. आणि घरातल्या मुलीला चालवायला शिकवा. बाबासाहेबांना चाळीसगावात शिकलेला हात मिळाला नाही. यापुढे आपल्या कोणत्याही वस्तीत तो कमी पडू नये.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!